पिवळे पडलेले बाळ आणि निळा प्रकाश

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच बाळांना कावीळ दिसते. बहुतेकांची आपोआप उतरते. पण रक्तातले बिलिरुबिन फार वाढले तर मेंदूला कायमची इजा होते.

"कोवळ्या उन्हात धरा," असे वस्तीतल्या आज्या सांगतात. त्यात तथ्य आहे. १९५६ साली इंग्लंडच्या रॉचफोर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या परिचारिकेने पाहिले की, ऊन लागलेले बाळाचे अंग फिके झाले, चादरीखालचा भाग पिवळाच राहिला.

पण उन्हात अतिनील किरण असतात, ते कातडी भाजतात. अवरक्त किरण अंग तापवतात. बाळापूरचे ऊन तर आपल्याला ठाऊकच आहे. बिलिरुबिन शरीराबाहेर जाण्याजोगे करतो तो मुख्यतः निळा प्रकाश, ४६० ते ४९० नॅनोमीटरचा. दवाखान्यातला दिवा मोजून तोच देतो. तो एक्स-रे नव्हे. बाळाच्या डोळ्यांवर तेवढी पट्टी बांधतात.

पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला, तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना किंवा सुस्त पडले, तर डागणी, झाडपाला करू नका. अंगावर पाजत राहा आणि १०२ ला फोन करून सरकारी दवाखान्यात न्या. तिथे नवजात बाळाचा उपचार मोफत आहे. उद्यावर टाकू नका, असे आम्ही प्रत्येक घरी सांगतो.