ड्रॅगनचं तिसरं डोकं कुणाचं?

निनाद: आत्या, 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवट सगळ्या जगानं पाहिला. मग तू अजून ही जाडजूड पुस्तकं घेऊन कसला शेवट शोधतेस?

आत्या: मालिकेचा पाहिलात रे. पुस्तकांचा कुठे आलाय? जॉर्ज आर. आर. मार्टिनचा पहिला खंड १९९६ सालचा. तेव्हा तीन खंडांत आटपायचा बेत होता, आता सात म्हणतो. पाचवा आला २०११च्या जुलैत, सहाव्याची वाट बघतेय. मालिका त्याला मागे टाकून मे २०१९मध्ये संपलीसुद्धा. शेवटच्या सीझनला एपिसोड किती, तर सहा! एवढा पसारा मांडायचा आणि आवरताना मात्र शेवटच्या पंगतीला वाढल्यासारखी घाई.

निनाद: तो सीझन पुन्हा काढा म्हणून पंधरा लाखांवर लोकांनी सह्या केल्या होत्या.

आत्या: ती तक्रार झाली. तर्क वेगळा. आपल्याला जे घडावंसं वाटतं, ते सांगणं म्हणजे तर्क नव्हे. पुरावा छापलेल्या पानात असावा लागतो.

निनाद: म्हणजे जॉन स्नोच्या आईसारखा?

आत्या: तेच घे. जॉन आपला अनौरस मुलगा, असं नेड स्टार्क सांगतो. एवढा सरळमार्गी माणूस, पण घरात त्या बाईचा विषय निघू देत नाही. त्याची बहीण लियाना मरताना त्याच्याकडून वचन घेते. कसलं, ते लेखक सांगत नाही; बिछाना रक्तानं भरला होता एवढंच कळतं. आणि ती होती त्या बुरुजावर पहारा कुणाचा? राजाच्या खास रक्षकदलातल्या तिघांचा. राजा मेलेला, युवराज रेगार मेलेला, धाकटा राजपुत्र व्हिसेरिस ड्रॅगनस्टोनला निघून गेलेला. या तिघांनी त्याच्याकडे जायचं सोडून इथं का थांबावं?

निनाद: खरा वारस त्या बुरुजातच होता म्हणून!

आत्या: रेगार आणि लियानाचा मुलगा. आता दुसऱ्या खंडात ये. रेगारच्या धाकट्या बहिणीला, डेनेरिसला, दृष्टान्त होतो, बर्फाच्या भिंतीत निळं फूल उमललंय. हॅरनहालच्या स्पर्धेत रेगारनं बायकोला डावलून लियानाला दिला तो मुकुट निळ्या गुलाबांचा, आणि जॉन पहारा देतो ती भिंत बर्फाची. वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून आलेले धागे असे एकाच जागी जुळले की समजावं, तर्कात दम आहे. वाचकांनी हे कधीच जुळवलं होतं. मालिकेनं २०१६मध्ये दाखवलं. पण तुम्ही पोरं मेजवान्यांची वर्णनं गाळता, ढालींवरची चिन्हं गाळता आणि थेट मारामारीवर उडी मारता. बरं, वाचलेलं पोटात तरी ठेवावं! मी दुसरा खंड वाचत होते तेव्हा एका मैत्रिणीनं माझा तिसरा नेला, आणि एका मुंजीत भर पंगतीत त्यातल्या लग्नात कोण कोण मरतं ते सांगून मोकळी झाली. जिलबी घशाखाली उतरेना. खंड अजून तिच्याकडेच आहे.

निनाद: ते राहू दे गं. लोकांनी ओळखलंय हे मार्टिनलाही कळलं असणार. मग तो शेवट बदलणार नाही का?

आत्या: कशाला बदलेल? मालिका करायची म्हणून बेनिऑफ आणि वाइस त्याला भेटले, तेव्हा त्यानंच त्यांना विचारलं होतं, जॉनची आई कोण? त्यांनी बरोबर ओळखलं. ओळखणारा वाचक त्याला हवाच आहे. बरं, आता भविष्यवाण्या घे. धाकटा भाऊ गळा आवळेल, असं राणी सर्सीला लहानपणी कुणीतरी सांगतं, म्हणून ती जन्मभर धाकट्या भावावर, टिरियनवर, डूख धरते. पण जेमी तिचा जुळा, तिचा पाय धरून तिच्या मागून आलेला. तोही धाकटाच की!

निनाद: मालिकेत तर दोघं ढिगाऱ्याखाली सापडून मेली.

आत्या: मालिकेनं भाकितातला तो भागच गाळला होता. भाकितं अशीच चकवतात. मार्टिन यावर इंग्लंडमधल्या 'गुलाबांच्या युद्धां'तली एक दंतकथा सांगतो. एका सरदाराला सांगितलेलं असतं, तुझं मरण किल्ल्याखाली. सॉमरसेटच्या ड्यूकची म्हणतात ती. तो किल्ले टाळत राहिला आणि १४५५मध्ये सेंट ऑल्बन्सच्या लढाईत एका खानावळीसमोर पडला. वर पाटी होती, तिच्यावर किल्ल्याचं चित्र. म्हणून नुसत्या भाकितावर उभा असलेला तर्क मी लगेच मानत नाही.

निनाद: पटलं. पण त्यानं शेवट बदललाच तर?

आत्या: तू तिथेच अडकलायस! अरे, काही वाचकांनी अगदी बारीक दुवे जुळवून नेमकं ओळखलं, तेव्हा बदलू का हा विचार मनात आला होता, हे त्यानंच सांगितलंय. पण बदललं तर आधी पेरलेलं सगळं खोटं पडेल, म्हणून तो त्या वाटेला गेला नाही. धक्का एकदाच बसतो. जॉनचं गुपित कळल्यावर पहिला खंड पुन्हा वाच. नेड स्वतःच्या बायकोचा राग वर्षानुवर्षं सोसतो, तो कशासाठी, ते तेव्हा कळतं.

निनाद: म्हणजे शेवट आधीपासून ठरलेला आहे.

आत्या: सगळा नाही. १९९३मध्ये त्यानं आपल्या एजंटला पाठवलेलं एक पत्र २०१५मध्ये बाहेर आलं. त्यात जॉन आणि नेडची मुलगी आर्या प्रेमात पडणार होते.

निनाद: शी! पण मग बदलतोच की तो! मघापासून मी काय म्हणतोय?

आत्या: थांब. ते पत्र पहिला खंड छापून येण्याआधीचं. तो म्हणतो, काही लेखक वास्तुविशारद असतात, काही माळी, मी माळी. माळ्यानं पेरायच्या आधी बेत बदलला तर कुणाचं काही जात नाही. उगवलेलं, लोकांनी बघितलेलं रोप कुणी ओळखलं म्हणून उपटणं ही लबाडी. खंडामागून खंड लांबतात तेही त्यामुळेच असावं. छापलेलं सगळं आता सांभाळावं लागतं.

निनाद: आणि त्याला ते जमलंच नाही तर?

आत्या: तर शेवट राहून जाईल. पण नीट वाचणाऱ्यांना फसवलं असं होणार नाही.

निनाद: ठीक. मग माझा तर्क ऐक. ड्रॅगनला तीन डोकी असतात म्हणतात ना? एक डेनेरिस, एक जॉन आणि तिसरा टिरियन. तो रेगारच्या बापाचा, त्या वेड्या राजाचा मुलगा.

आत्या: पुरावा?

निनाद: राजाची त्याच्या आईवर नजर होती. टिरियनचे केस जवळजवळ पांढरे, लहानपणापासून त्याला ड्रॅगनचं वेड. आणि त्याचा बाप टायविन मरताना म्हणतो, तू माझा मुलगाच नव्हेस.

आत्या: पुरावा आहे, नाही म्हणत नाही. पण तर्कानं कथेत काय मोडतं तेही बघावं. ज्या मुलाचा टायविन सर्वांत जास्त तिरस्कार करतो, तोच बुद्धीनं त्याच्या वळणावर गेलाय. टिरियन बापाला मारतो, ते त्यामुळेच भयंकर वाटतं. तो बाप नव्हताच म्हटलंस तर मग उरलं काय? शिवाय चौथ्या खंडात जेन्ना जेमीला तोंडावर सांगते, टायविनचा मुलगा तू नव्हेस, टिरियन आहे. आणि जेन्ना कोण? त्यांची आत्या.

निनाद: आत्या म्हणते म्हणून खरं मानायचं?

आत्या: छापलंय म्हणून विचारात घ्यायचं.

निनाद: पण ती स्वभावाबद्दल बोलत असेल, रक्ताबद्दल नाही.

आत्या: शाबास! आता तुझं म्हणणं पाचव्या खंडातून सिद्ध करून दाखव. मेजवान्या न गाळता.