घरात कळलं, त्यानंतरचे दिवस

मी गे आहे, पुण्यात नोकरी करतो आणि बऱ्याच वर्षांपासून आमच्यासारख्या पोरांचे फोन घेतो. बहुतेक फोन रात्री उशिराच येतात. त्यांतून जे कळलं ते इथे मांडतो.

१. समलिंगी असण्यामुळे कोणी जीव द्यायला निघत नाही. धोका असतो तो घरात कळल्यानंतरच्या दिवसांत. भावाने मोबाइल उघडला, वडिलांनी बोलणं टाकलं, घाईघाईने स्थळं बघायला सुरुवात झाली, असे फोन आले की मी सावध होतो. अमेरिकेत संशोधक कॅटलिन रायन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, किशोरवयात घरच्यांनी फार झिडकारलेल्या तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण फारसं न झिडकारलेल्यांपेक्षा आठपटींहून जास्त आढळलं. अभ्यास तिकडचा, पण मला त्यात सोलापूर-जळगावची घरं दिसतात.

२. सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून पोरगा मोकळा होतो. 'हो' म्हणाला, तर उपदेश नको. आज रात्री सोबत कोण आहे, हे आधी बघावं. जिवाला अपाय होईल असं काही जवळ असेल, तर ते दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला लावावं. तो अतितीव्र क्षण ओसरतो. तोवर त्याला एकटं ठेवू नये. आणि "आईबापाचा तरी विचार कर" हे वाक्य कृपा करून टाळा. त्यांचाच विचार करकरून तो खचलेला असतो.

३. बायसेक्शुअल मुलाची कोंडी वेगळीच. घरचे म्हणतात, "मुलीही आवडतात ना, मग कर की लग्न!" आमच्यातलेच काही म्हणतात, "गे आहेस, पण कबूल करायची हिंमत नाही." दोन्हीकडे तोच खोटा.

४. स्वतःला इजा करून घेणारा नाटकं करत नसतो. आधी जखमेवर उपचार, मग शांतपणे बोलणं. रागावलात, तर पुढच्या वेळी तो जखम जास्त नीट लपवेल, एवढंच.

५. 'बरं करून देतो' म्हणणारा बाबा असो वा डॉक्टर, पोराला तिथून उठवून आणावं. असे 'उपचार' करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलं आहे. लग्न लावून देणं हा तर उपाय नव्हेच. त्यात एका मुलीचीही फरफट होते.

६. ॲपवर भेटून फोटोंची धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका, मागणी थांबत नाही. ६ सप्टेंबर २०१८ पासून दोन प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. खंडणी मागणं मात्र गुन्हा आहे. मेसेज जपून ठेवा आणि तक्रारीला जाताना सोबत कोणाला तरी न्या.

७. कोणी जीव देण्याचा प्रयत्न केलाच, तर पोलीस केसच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, म्हणून त्याला शिक्षा होत नाही.

सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. पहिल्याच वाक्यात सगळं सांगावं लागत नाही, "झोप लागत नाही" एवढ्यावरूनही सुरुवात होते. स्वतःसाठी नको असेल, तर मित्रासाठी तो आत्ताच सेव्ह करा.