पावसाळी ट्रेकला बूट कोणते?

प्रश्न : यंदा पावसाळ्यात गडांवर जायचं ठरवलंय. वॉटरप्रूफ बूटच घ्यावेत का?

उत्तर : सह्याद्रीत त्यावर जादा पैसे घालू नका. ओढा ओलांडताना पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि अस्तरामुळे तिथेच साचतं. जाळीचे, पटकन निथळणारे बूट बरे. खरी परीक्षा तळाची. ओल्या कातळावर मऊ रबर पकड घेतं, कडक तळ सटकतो. शेवाळावर मात्र कुठलाच बूट भरवशाचा नाही. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घालून दुकानाचा जिना उतरून बघा. अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा घ्या, नाहीतर राजगड उतरताना नख काळंनिळं होईल. आणि माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेली जुनी जोडी असेल, तर तळातला पॉलियुरेथेनचा थर दमटपणाने भुसभुशीत झालेला असू शकतो. तळ ऐन वाटेत सुटतो.