थंड गाडी आणि चार वायरचा सेन्सर

सकाळी गाडी सेल्फला उचलतच नसेल, तर ऑक्सिजन सेन्सरवर पैसे घालू नकोस. स्टार्ट होताना ईसीयू त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, विचारतो तो कूलंटच्या टेम्परेचर सेन्सरला. तेव्हा आधी बॅटरी, प्लग, पेट्रोलचं प्रेशर आणि तो कूलंटवाला तपास. दुकानदारानं ‘अपग्रेड’ म्हटलं की आपल्याकडे लगेच खिसा सैल होतो!

पण गाडी चालू होते, मग बराच वेळ कच्च्या पेट्रोलचा वास मारते, अॅव्हरेजही बसलंय, तर सेन्सरकडे वळ. त्याच्या टोकातलं झिर्कोनिया साधारण ३०० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय नीट सिग्नल देत नाही. जुन्या एक वायरच्या सेन्सरला तापवतो फक्त एक्झॉस्टचा धूर. डिसेंबरात महाबळेश्वरला गाडी आयडलवर उभी असली, की त्याला वेळ लागतो आणि तोवर ईसीयू अंदाजानं जादा पेट्रोल सोडत राहतो. चार वायरच्यात हीटर असतो, तो मिनिटभरात कामाला लागतो. बदलायचा तो एवढ्यासाठीच.

बॉशच्या चार वायरच्या सेन्सरला दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थची. हीटरचा सप्लाय फ्यूज टाकून पेट्रोल पंपाच्या रिलेवरून घे, म्हणजे इंजिन फिरतं तेव्हाच तो तापेल. वायरींना सोल्डर मारू नकोस, क्रिंप कर. बरेच सेन्सर बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतात.

गाडीत मुळातच चार वायरचा असेल, तर भारीतला शोधत बसू नकोस. कनेक्टर काढून दोन पांढऱ्यांवर मल्टिमीटर लाव. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत, ओपन दाखवला तर गेला. कंपनीच्या पार्ट नंबरचाच बसव. साध्याच्या जागी वाइडबँड चालत नाही, कोणी काहीही सांगो.

इंजिन कोमट असताना २२ च्या खाचवाल्या बॉक्सपान्यानं सोडव. अँटीसीझ लावलास तर फक्त आट्यांना, टोकाला बोटसुद्धा नको. आणि एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड फुसफुसत असेल तर आधी ती फट बुजव. तिथून हवा आत ओढली गेली, तर कोरा सेन्सरही पेट्रोल कमी पडतंय असंच कळवणार आणि ईसीयू अजून ओतणार.