खाजणातला मोरस कसा ओळखायचा?

रायगडातल्या खाड्यांच्या कडेने भटकताना तिवरांच्या मागे, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं अशा खारट जमिनीवर, मांसल पानांची खुरटी झुडपं दिसतात. त्यातला मोरस भाजीचा म्हणून गावकऱ्यांच्या ओळखीचा. पण तिथे पानं मांसल असलेलं सगळंच मोरस नसतं. म्हणून पान दाबून बघण्याआधी ते फांदीवर कसं लागलंय ते बघा.

मोरसाची (सुएडा) पानं एकाआड एक येतात. ती अरुंद, दोन-तीन सेंटिमीटर लांब, वरून किंचित चपटी आणि खालून गोलसर असतात. पान मोडलं की पाणी सुटतं, जिभेला खारट लागतं. शोषलेलं मीठ झाड पानातल्या पाण्यात साठवतं. फुलं हिरवी, बारीक, पानांच्या बेचक्यात चिकटलेली असल्यामुळे नीट वाकून पाहिलं तरच दिसतात. जून झाड तांबूस-जांभळं होतं, तेव्हा रंगावर जाऊ नका.

शेजारीच धापा (सेसुवियम) असतो. त्याची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि लालसर खोड जमिनीवर सरपटत पेरापेराला मुळं धरतं. चांदणीसारखं गुलाबी फूल दिसलं की शंकाच नको. सॅलिकॉर्निया तर त्याहून सोपी: पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या पेरापेरांच्या हिरव्या कांड्या.

जायचं कधी, ते तिथीवरून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी उधाण असतं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे दुपारी ओहोटी, आणि भरती आली तरी पाणी फार चढत नाही. चालायचं ते खारबंदिस्तीवरून. चिखलात उतरलात तर पाय गुडघ्यापर्यंत जातो, आणि कालवांच्या शिंपांनी तळवा चिरतो.

भाजीसाठी कोवळे शेंडेच खुडा, मुळासकट उपटू नका. घरी ते उकळून पाणी ओतून द्या, मग फोडणी; मीठ चव बघूनच. एवढं मात्र कळकळीने सांगतो: कारखान्यांचं किंवा शहराचं सांडपाणी येणाऱ्या खाडीकाठचा मोरस, कितीही टवटवीत दिसला तरी, खाऊ नका. आणि ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात, २०१५ पासून संरक्षित असलेल्या त्या पट्ट्यात, फक्त बघा आणि फोटो काढा.