ऑफिसला जायचंय ना, मग ऐक

बघ, ऑफिसची मेल आल्यापासून तुझ्या पोटात गोळा येतोय, रात्री तीनला जाग येतेय, आणि नवऱ्याला सांगायला गेलं तर तो म्हणतो, ‘अगं, जग कधीच सुरू झालंय.’ तसं खरंय त्याचं. पाडव्याला, म्हणजे २ एप्रिल २०२२ ला, महाराष्ट्रातले करोनाचे सगळे निर्बंध उठले, मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. दोन वर्षं पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या, त्या जूनमध्ये पुन्हा पायी निघाल्या. दहीहंड्या झाल्या, गणपती झाले, दिवाळीत दादरला पाय ठेवायला जागा नव्हती. पण तू त्यात होतीस कुठे? तुझं ऑफिस जेवणाच्या टेबलावरच राहिलं. छोटी लहान, सासूबाईंना दमा, भाजी ॲपवरून. सगळे हळूहळू बाहेर पडायला सरावले, ती सवय तुला झालीच नाही, आणि आता एका मेलनं सांगितलं, १ फेब्रुवारीपासून या. मग घाबरायला नाही होणार तर काय होणार?

तेव्हा आधी ते ‘मला काय झालंय, मी अशी नव्हते’ बंद कर. तुला काहीही झालेलं नाही. आणि खरं सांगू का, परवा फोनवर तू तासभर बोललीस तेव्हा मला नुसती एकच भीती ऐकू आली नाही. आजाराची वेगळी होती, गर्दीची वेगळी, छोटीची काळजी निराळी, आणि घर कसं चालणार ही तर सगळ्यांत मोठी. या सगळ्यांचं एकच गाठोडं बांधून ते डोक्यावर घेतलंस तर मान मोडेल. सुटं सुटं करून बघू.

आजाराचं आधी. डिसेंबर २०२२ मध्ये चीनच्या बातम्या आल्या आणि तू पुन्हा अंथरुणात मोबाइल घेऊन बसायला लागलीस. चीननं जवळजवळ तीन वर्षं कडक निर्बंध ठेवले आणि ते एकदम सोडले, म्हणून तिथे लाट आली. आपल्याकडे २०२१ ची दुसरी लाट येऊन गेली, २०२२ च्या जानेवारीत ओमायक्रॉन घरोघर फिरला, लसी घेतल्या त्या वेगळ्याच. तुझ्या शरीराला हा विषाणू आता नवा नाही. आजार नाहीसा झाला असं मी म्हणत नाहीये. घरात दम्याचं माणूस आहे, तर लोकलमध्ये मास्क लाव. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ लाव आणि कुणी बघितलं तर बघू दे. सर्दी-ताप आला तर ऑफिसला कळवून घरी राहा. एवढी काळजी पुरे.

पण तो ऑक्सिमीटर आधी उचल बाई तिथून. फ्रिजवर काड्यापेटीशेजारी अजून ठेवलायस, आणि जाता-येता त्यात बोट घालतेस, मी पाहिलंय. ९८ दिसलं की हुश्श होतं. पाच मिनिटांनी वाटतं, बोट गार होतं, नखाला रंग होता, नीट दाखवलं असेल ना? मग दुसरं बोट. एप्रिल-मे २०२१ मध्ये ते यंत्र हाताशी ठेवणं शहाणपणाचंच होतं. तेव्हा ९४ च्या खाली आकडा गेला की घरात पळापळ व्हायची. आता ठणठणीत माणसानं दिवसातून दहा वेळा आकडा बघायचा म्हणजे मनाला रोज नव्यानं सांगायचं, की धोका आहे हं, लक्ष ठेव. तपासून मिळालेला दिलासा फार वेळ टिकत नाही, तो लगेच पुन्हा हवा होतो. सेल काढ आणि ठेव औषधांच्या डब्यात. कुणी खरंच आजारी पडलं तर काढायचा.

आता लोकल. ‘व्हिडिओत गर्दी बघूनच छातीत धडधडतं, आत कशी जाऊ?’ असं म्हणालीस ना? अगं, घाबरलीस की घरी राहतेस, घरी राहिलीस की बरं वाटतं, आणि मनाची खात्री पटते की घरी राहिले म्हणूनच वाचले. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी. हे चक्र असं आहे, की भीती जाईपर्यंत थांबायचं ठरवलंस तर ती जाणारच नाही. ती असतानाच जायचं, पण थोडं थोडं.

अल्बर्ट एलिस नावाचे एक मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले न्यूयॉर्कला. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. तर त्यांनी काय करावं? ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बसायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की एका मिनिटात बोलायला सुरुवात करायची. शंभर जणींशी बोलले ते! फक्त एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण कुणी ओरडलं नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही, आणि बोलायची भीती गेली ती गेलीच. मला हा माणूस फार आवडतो, कारण पुढे लोकांना जे सांगितलं ते त्यानं आधी स्वतःवर करून पाहिलं होतं.

तुला शंभर फेऱ्या नाही मारायच्या. या रविवारी दुपारी डोंबिवलीहून स्लो पकड. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. उतर, चहा पी, परत जा. धडधडेल, तळहात ओले होतील, दिव्याला वाटेल उतरून पळावं. तिथे उतरू नकोस, एवढं एक माझं ऐक. भीती उतू येणाऱ्या दुधासारखी भर्रकन वर येते आणि आपण हलवाहलव केली नाही तर काही मिनिटांत खाली बसते. ती खाली बसताना तू गाडीतच असायला हवीस, म्हणजे मनाला कळेल की उतरावं लागत नाही. तोवर श्वास सावकाश घे आणि त्याहून सावकाश सोड. सोडताना जास्त वेळ लागला पाहिजे. हेच दोन-तीनदा जमलं की एखाद्या शनिवारी सकाळी जा. मग कामाच्या दिवशी, डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी धरून, म्हणजे बसायला तरी मिळेल. १ तारखेच्या आधी एकदा ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन ये. नुसतं दार बघून परत आलीस तरी चालेल.

आणि डब्यातल्या बायकांना घाबरू नकोस गं. लोकल २०२० च्या मार्चमध्ये बंद पडली, ऑक्टोबरात बायकांसाठी ठरावीक वेळांना उघडली, दुसऱ्या लाटेत सामान्यांसाठी पुन्हा बंद झाली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांना पासावर प्रवास करता यायला लागला. तेव्हा ज्या परत आल्या त्यासुद्धा सॅनिटायझरची बाटली मुठीत धरून खिडकीकडे तोंड करून बसायच्या, कुणी खोकलं की अख्खा डबा वळून बघायचा. आता त्याच मटार सोलत बसतात आणि चौथ्या सीटसाठी भांडतात. तुला चक्कर आली तर पहिली उठून जागा देणारीही त्यांच्यातलीच कुणीतरी असेल.

मात्र एक बघ. जिना चढताना खरोखर दम लागतो म्हणालीस, ते मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नकोस. डॉक्टरांना एकदा दाखव, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. आपल्यात रक्त कमी असलेल्या बायका थोड्या नाहीत.

आता जे तू फोनवर शेवटी, अगदी हळूच बोललीस ते. ‘मी गेले तर घराचं काय?’ खरं सांगू का, लोकलपेक्षा तुझ्या छातीवर हे जास्त बसलंय असं मला वाटतं. तू घरून काम करायला लागलीस आणि हळूहळू घरातली सगळी कामं तुझ्याकडे सरकली. कुरिअर तू घेतेस, गॅसवाल्याला दार तू उघडतेस, मीटिंगमध्ये आवाज बंद करून कुकरच्या शिट्ट्या मोजतेस, साडेअकराला सासऱ्यांचा चहा, बारा वाजता मशीन, दोनला छोटीला भरवणं. कुणी तुझ्यावर मुद्दाम लादलं नाही, मान्य. पण कुणी उचललंही नाही. २०१९ साली सरकारनं देशभर वेळेची पाहणी केली होती, करोनाच्या आधी हं. घरात बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषाची ९७. पाच तास बाईचे! त्यावर तुझं ऑफिस, त्यावर आता येता-जाता तीन तासांचा प्रवास. असं गणित मांडून झोप कशी लागेल तुला?

म्हणून १ तारखेच्या रात्री सांगू नकोस, आजच सांग. रात्री जेवणं झाली की सगळ्यांना बसव आणि कागदावर लिही, दिवसभरात काय काय होतं. दुधाची पिशवी कापून तापवण्यापासून ते रात्री छोटीचा युनिफॉर्म काढून ठेवण्यापर्यंत सगळं, अगदी सगळं. तुझा नवरा तो कागद वाचेल तेव्हा त्याचा चेहरा बघ; त्याला माहीतच नसेल, चांगला मुलगा आहे तो. मग वाट. सकाळचा चहा आणि डबे त्याच्याकडे. दुपारचा चहा सासरे करतील, त्यांना येतो, तू मे महिन्यात माहेरी गेलीस की करतातच. पोळ्यांना बाई लाव आणि पैशांचा विचार करत बसू नकोस. पगार कशासाठी मिळवतेस मग? हे सगळं आत्तापासून सुरू कर, तू घरात असतानाच. आणि राणी, एकदा काम सोपवलंस की त्याच्यामागे उभी राहू नकोस. आमटी पातळ झाली तर पातळ खा. हिंग राहिला तर राहिला. तू पुढे होऊन कढईतला झारा हातात घेतलास की संपलं, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं परत तुझ्याकडे आलेलं असेल.

छोटीला कळतंय तेव्हापासून आई पलीकडच्या खोलीतच आहे. ती रडणार, हे धरूनच चाल. पाळणाघरात याच आठवड्यापासून ने, आधी तासभर, मग दोन तास. तिचं लक्ष नसताना गुपचूप निघायचं नाही, एवढं पाळ. मुलं मग दिवसभर दाराकडे बघत राहतात. ‘आई ऑफिसला चाललीय, तुझा खाऊ खाऊन झाला की येणार’ असं सांगून पापा घ्यायचा, निघायचं, आणि सांगितल्या वेळेला दारात हजर. पाळणाघरातल्या मावशींना विचार, बऱ्याच मुलांचं रडणं आई जिन्याखाली पोचायच्या आत थांबलेलं असतं. तुझं मात्र स्टेशनपर्यंत थांबणार नाही, ते मला माहितेय. रड थोडी, काही बिघडत नाही.

आणि बाबांचं. हे तू बोलली नाहीस, पण माझ्या मनात आहे. ऑफिसातली ही माणसं बाबा गेल्यानंतर तुला पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटणार. कुणी गळ्यात पडेल, कुणी मुद्दाम विषय टाळेल, आणि एखादा विचारेलच, ‘ऑक्सिजन वेळेवर मिळाला नव्हता का हो?’ त्याला उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. ‘आत्ता नको, सावकाश बोलू’ एवढं एक वाक्य घरी चार वेळा म्हणून ठेव, आणि म्हणून झालं की पाणी प्यायला निघून जा. तुला हॉस्पिटलच्या आत जाऊ दिलं नाही, शेवटचं नीट बघताही आलं नाही, ती सगळी गोष्ट तू अजून कुणाला सलग सांगितलेली नाहीस गं. मला सांग. नाहीतर जिच्याशी बोलून तुला हलकं वाटेल तिला सांग. कँटीनमध्ये कुणाच्या तरी बोलण्यावर खळखळून हसलीस आणि लगेच अपराधी वाटलं, तर लक्षात ठेव, बाबा स्वतः तिथे असते तर सगळ्यांत मोठ्यानं हसले असते.

एवढं करूनही महिनाभरानं झोप आली नाही, जेवण जाईना, सकाळी उठवेना, तर हट्ट करू नकोस. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस हेल्पलाइन सुरू झालीय, १४४१६. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष कुणाला भेटायचं असेल तर ठाण्यात आय.पी.एच. आहे, डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था. मी येईन बरोबर, बाहेर बसेन.

आणखी एक. सगळं जुनं परत घेतलंच पाहिजे असं नाही. ऑफिसनंतरची ती साप्ताहिक पार्टी तुला तेव्हाही नको असायची, आताही जाऊ नकोस. सोसायटीतली सगळी हळदीकुंकवं करायची गरज नाही. जिथे जीव रमतो तिथे दोन घरी जा, तिळगूळ घे, ये. कुणाला मिठी नको वाटत असेल तर लांबून हात जोड, कुणी रागावत नाही. १ तारीख बुधवारी आलीय, म्हणजे पहिल्या आठवड्यात तीनच दिवस भरायचेत, मग शनिवार.

तर रविवारचं पक्कं. जेवून दोनच्या सुमाराला घरातून निघ, छोटीला तिच्या बाबाजवळ ठेव, आणि दिव्याला मला फोन कर. मी ठाण्याला फलाटावरच उभी असेन. येताना तो कामांचा कागद घेऊन ये, तुझ्या नावापुढे किती कामं उरलीत ते मला बघायचंय.