परका माणूस आणि त्याचा मान

पोटासाठी गाव सोडतो तो स्थलांतरित आणि जिवाच्या भीतीने देश सोडतो तो निर्वासित, एवढी व्याख्या आपण परीक्षेपुरती पाठ करतो. या दोघांच्या प्रतिष्ठेविषयी कॅथॉलिक धर्मविचार काय सांगतो आणि आपल्या मुलखात त्याचा पडताळा कोठे मिळतो, याचा थोडक्यात विचार मला येथे करावयाचा आहे.

येशूच्या बालपणातच परागंदा होण्याचा प्रसंग आहे. हेरोद राजाच्या भयाने योसेफ आणि मरिया बाळाला घेऊन रातोरात इजिप्तला गेले, असे मत्तयाचे शुभवर्तमान सांगते. पोप बारावे पायस यांनी 1952 साली काढलेल्या ‘एक्सुल फॅमिलिया’ या धर्मादेशात याच कुटुंबाला सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श मानले. पुढे 1963 मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रात, रास्त कारण असेल तर दुसऱ्या देशात जाऊन राहणे हा माणसाचा हक्क आहे, असे सांगितले. येथे ‘हक्क’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते; हक्क माणूस जन्माबरोबर घेऊन येतो.

याचे उत्तम उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी घडले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. त्यांपैकी काहीजण इराणमार्गे भारतात आले. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश लोक राहिले. त्यांत बायका-मुले अधिक, आणि बहुतेक सर्व कॅथॉलिक. त्यांना नुसते अन्नवस्त्र मिळाले असे नाही. त्यांचे चर्च होते, पोलिश भाषेतील शाळा होत्या, दवाखाना होता, नाटके होत. आश्रयाच्या बदल्यात भाषा किंवा उपासना सोडा, असे त्यांना कोणी म्हटले नाही. युद्धानंतर सीमा बदलल्या आणि अनेकांना परतायला घरच उरले नाही. पुढे याच परिसरात फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव आले आणि त्यांनी गांधीनगरची बाजारपेठ उभी केली. एका जागेने दोन उखडलेल्या समाजांना आधार दिला.

वळिवडे कोल्हापूरचे, पण मी आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथचा असल्यामुळे हा विषय मला घरचा वाटतो. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जैनथ आंध्र प्रदेशात राहिले आणि 2014 पासून तेलंगणात आहे. घराबाहेर पाऊल न टाकताही आमच्याकडचे मराठी लोक सीमेपलीकडचे ठरले. आजही कापूस वेचणीच्या हंगामात पैनगंगा ओलांडून मजूर येतात. वेचणी किलोवर मोजली जाते. वेचणाऱ्या बाईचे नाव मात्र पुष्कळदा कोणाला ठाऊक नसते. तिचा काटा खरा असावा, तिला निवारा व पाणी मिळावे, तिच्या लेकरांची शाळा बुडू नये, हे तिचे हक्क आहेत.

यावर आक्षेप येतो, की यजमानही गरीबच असेल तर काय? आक्षेप खरा आहे. आमच्याच जिल्ह्यात बाहेरून आलेल्यांच्या हाती गोंडांच्या जमिनी गेल्या, हा इतिहास विसरून चालणार नाही. चर्चची शिकवणही एकांगी नाही. संपन्न राष्ट्रांनी शक्य तेवढ्यांना आश्रय द्यावा, शासनाने त्यासाठी नियम करावेत आणि येणाऱ्याने त्या भूमीच्या वारशाचा व कायद्याचा मान राखावा, असे ती सांगते. पोप फ्रान्सिस यांनी 2023 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली: जाणे जसे माणसाच्या इच्छेने असावे, तसेच आपल्या गावी सन्मानाने राहणेही त्याला शक्य असावे. कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही म्हणून जो नदी ओलांडतो, त्याला हा दुसरा पर्याय कोणी दिलेला असतो?

विद्यार्थीमित्रांनो, मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि महामार्गांवरून पायी घरी निघालेले मजूर साऱ्या देशाने पाहिले. त्यांनी बांधलेल्या शहरांत त्यांची नोंददेखील नव्हती. ‘तुझे कागद कोठे आहेत?’ हा प्रश्न शासनाला विचारावा लागेल. आपण सुशिक्षितांनी त्याआधी ‘तुझे नाव काय?’ हे विचारावे. माणसाचा मान तेथूनच सुरू होतो.